भिंत चाटणारी

तिसऱ्यांदा उलटली.
सनिय्याखाला दारातच म्हणाली,
नळकांडं गाडीवरून उतरवूच नकोस, शाकिर.
चहा घे आणि जा.

मी चहा घेतला.
झाकणाच्या फटीतून नायट्रोजनची वाफ
थोडीथोडी उडून जात होती,
आणि आत, कुठल्याशा नामांकित रेड्याचा
एकेक थेंब,
माझ्या अब्रूइतकाच गार.

फुल्ला बांधली होती खजुराच्या बुंध्याला.
पुढ्यात गुडघाभर बरसीम.
नाईलच्या या दोआबात हिवाळा म्हणजे बरसीमच:
सकाळी बरसीम, दुपारी बरसीम,
झोपेत रवंथ, तोही बरसीमचा.
कोण म्हणेल ही उपाशी आहे?
पण तिचं तोंड चाऱ्यात नव्हतं.
ती भिंत चाटत होती.

मातीच्या जुन्या भिंतीला
जिभेनं खळगा पाडलेला,
परातीएवढा, आतून गुळगुळीत,
विटांमधलं काड उघडं पडलेलं.
परवा तर माझा जोडा चघळला, खाला म्हणाली,
त्याआधी गाढवाचं हाड.
गवत खाणारं जनावर हाड का चघळतं रे?

मला येत होतं उत्तर.
दमनहूरला शिकलो होतो,
परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते:
बरसीममध्ये चुना उदंड, फॉस्फरस तुटपुंजा,
तांब्या-जस्ताची बोंबच.
पोट भरतं, कूस भरत नाही.
पण परीक्षा संपली की उत्तर वहीत राहतं
आणि माणूस थेंब विकत
गावोगाव हिंडतो.

कुंपणापलीकडून अबू दीफ बोलला,
त्याला कुणी विचारलं नव्हतं:
ती नदी शोधतेय.
ही भिंत धरणाच्या आधीची. माझ्या बापानं घातलेली.
तेव्हा पूर यायचा, गाळ यायचा,
काळा, लोण्यासारखा.
मग पाणी तेवढं राहिलं.
गाळ आता भिंतींतच उरलाय.
जनावराला कळतं.

रक्ताच्या अहवालात
याला रकाना नव्हता.
फॉस्फरसला होता. आकडा वाचला
आणि कागदाची घडी घातली,
पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

करडी भुकटी दिली. रोज मूठभर,
गव्हाच्या कोंड्यात कालवून, चारा बेतानं.
पैसे अर्धे घेतले. सगळे सोडले नाहीत,
खोटं कशाला सांगू.
आणि म्हणालो, खाला, हिचा माज मुका.
गाईसारखी गाव डोक्यावर नाही घेणार.
रात्रीचा येईल, थंडीत, घटकाभर,
आणि तू झोपलेली असशील.

ती झोपलीच नाही.
गोठ्यात घोंगडी टाकून
एकेचाळीस रात्री बसली,
एक मुकी, दुसरी अबोल.

फज्रच्या बांगेला अजून अवकाश होता, फोन वाजला.
सोट आहे.
कसा?
काचेसारखा. लोंबतोय, तुटत नाही.
दिवा धरला तर आरपार दिसतं.

धुक्यात गाडी सुरू होईना.
ढकलतच गेलो कालव्याच्या काठानं,
नळकांडं पाठीशी बांधून,
पोरं शाळेत जातात तसा.

दोन महिन्यांनी
हात कोपरापर्यंत आत होता,
आणि खाला म्हशीकडे नाही,
माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.
गर्भाशयाचं उजवं शिंग डाव्याहून जाड.
पातळ भिंतीआड
पाणी हलत होतं.
मी बोललो नाही लगेच. बोटांवर
माझा अजून विश्वास नव्हता.
तिनं बादली पुढे केली, साबण दिला,
विचारलं फक्त,
भिंत लिंपून घेऊ का आता?

फुल्ला तिकडे फिरकत नाही हल्ली.
कोंड्याच्या टोपलीपाशी माझी वाट बघते.
मीच एकदा, आसपास कुणी नाही असं पाहून,
खळग्यात वाकलो,
जीभ लावली.

गार. किंचित खारट.
दातांखाली काड आलं.
नदीबिदी मला तरी
काही कळली नाही.